जुन्या वास्तूंचे पुनरुपयोजन आणि ‘आरेखन-बांधकाम’ पद्धती

जुनी इमारत नव्या कामासाठी वापरणे ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी निवासासाठी बांधविला. पेशवाईचा अस्त झाल्यावर तीनच वर्षांनी, १८२१ साली, त्याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि तिच्या परंपरेतूनच पुढे डेक्कन कॉलेज उदयास आले. १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला. तो पुन्हा उभारण्यात आला, आणि नंतरच्या काळात तेथे नगरपालिकेच्या कचेऱ्या नांदल्या. राजनिवास, विद्यालय व कचेरी अशी तीन आयुष्ये एका वास्तूने भोगली. प्रत्येक वेळी कोणीतरी भिंत फोडली असेल, तुळई बदलली असेल, जिना हलविला असेल. परंतु तो निर्णय कोणी घेतला आणि तो चुकला असता तर जबाबदारी कोणाची होती, याचा विचार त्या काळी शास्त्र म्हणून झालेला नव्हता.

आज तो करावा लागतो. जुन्या इमारतीचे रूपांतर करू इच्छिणाऱ्या मालकापुढे दोन मार्ग असतात. वास्तुविशारदाकडून आराखडा करून घ्यावा व निविदा मागवून दुसऱ्याकडून बांधून घ्यावे, हा पहिला. आरेखन व बांधकाम ही दोन्ही कामे स्वीकारणाऱ्या एकाच संस्थेशी करार करावा, हा दुसरा. या दुसऱ्या पद्धतीस प्रस्तुत लेखात ‘आरेखन-बांधकाम’ असे म्हटले आहे. जुन्या वास्तूंच्या बाबतीत ती कोठे उपकारक ठरते, कोठे घातक ठरू शकते आणि तिला कोणते बंधन आवश्यक आहे, हे पाहणे हा या विवेचनाचा हेतू होय.

१. पुनरुपयोजन म्हणजे काय?

दुरुस्ती, जतन आणि पुनरुपयोजन या तीन संज्ञा व्यवहारात एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. पण त्यांचे अर्थ भिन्न आहेत. दुरुस्तीत इमारतीचा उपयोग तोच राहतो व बिघाड तेवढा दूर केला जातो. जतनात वास्तूचे मूळ द्रव्य व रूप टिकविणे हेच साध्य असते. पुनरुपयोजनात उपयोग बदलतो, आणि त्या बदलास जागा करून देण्यासाठी वास्तूत काही फेरफार करणे अपरिहार्य होते. १९६४ च्या व्हेनिस सनदेने ऐतिहासिक वास्तू समाजोपयोगी कार्यासाठी वापरणे इष्ट मानले, मात्र त्यापायी तिची मांडणी वा अलंकरण बदलता कामा नये असेही बजावले. १९७९ साली ऑस्ट्रेलियात स्वीकारल्या गेलेल्या बर्रा सनदेने फेरफाराची मर्यादा अधिक व्यवहार्य केली: आवश्यक तेवढाच आणि शक्य तितका कमी. बृहन्मुंबईसाठी १९९५ साली लागू झालेल्या वारसा-नियमांत हेच तत्त्व श्रेणींच्या रूपाने आले. पहिल्या श्रेणीच्या वास्तूत बळकटी व आयुष्यवृद्धी यांखेरीज हस्तक्षेप निषिद्ध आहे. दुसऱ्या श्रेणीत अंतर्गत बदल व नवा उपयोग छाननीअंती मान्य होऊ शकतो. तिसरीत त्याहून अधिक मोकळीक आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पुनरुपयोजनात प्रत्येक हातोड्याच्या घावामागे एक निवड असते: ठेवावयाचे की काढावयाचे? ही निवड कोणी व केव्हा करावयाची, हाच कार्यपद्धतीचा खरा प्रश्न आहे.

२. आरेखक आणि बांधणारा यांची फारकत

भारतीय वास्तुग्रंथांत, विशेषतः मयमत व मानसार यांत, स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी व तक्षक अशा चार शिल्पींचा उल्लेख येतो. कल्पना, मोजमाप, जुळणी आणि घडाई ही कामे वेगळी असली तरी ती एकाच पथकाची होती व त्याचा प्रमुख स्थपती होता. मध्ययुगीन युरोपातील मुख्य गवंड्याचे स्थानही याहून फारसे वेगळे नव्हते.

ही एकात्मता आधुनिक काळात मोडली. लंडनमध्ये टॉमस क्यूबिट (१७८८–१८५५) याने गवंडी, सुतार, लोहार इत्यादी सर्व कारागीर कायम वेतनावर एका छत्राखाली आणून आधुनिक बांधकाम-संस्थेचा पाया घातला. दुसऱ्या बाजूस १८३४ साली ब्रिटिश वास्तुविशारदांची संस्था स्थापन झाली. वास्तुविशारद हा मालकाचा विश्वस्त. बांधकामाच्या नफ्यात त्याचा वाटा असेल तर तो कंत्राटदाराच्या कामाचा निःपक्षपाती परीक्षक कसा राहणार, हा या व्यवसायबंधूंचा मुद्दा होता. त्यातून वास्तुविशारदाने बांधकामाचा धंदा करू नये असा दंडक रूढ झाला. अमेरिकेतही तो विसाव्या शतकात दीर्घकाळ पाळला गेला, व त्या शतकाच्या आठव्या दशकाच्या अखेरीस शिथिल झाला.

या दंडकामागील नीती स्वच्छ होती, यात शंका नाही. आराखडा पूर्ण व्हावा, त्यावरून परिमाणे काढावीत, निविदा मागवाव्यात, किमान दराने काम द्यावे व आराखड्याबरहुकूम ते तपासून घ्यावे, हा क्रम सार्वजनिक पैशाच्या हिशेबास सोयीचा होता. मोकळ्या जमिनीवर नवी इमारत उभी करताना तो क्रम बहुधा नीट चालतो; कारण तेथे अज्ञात असते ते मुख्यतः जमिनीखाली. जुन्या इमारतीत मात्र अज्ञात सर्वत्र असते: गिलाव्याआड, कडीपाटावर, भिंतीच्या पोटात आणि पूर्वी कोणी तरी केलेल्या दुरुस्त्यांखाली.

३. न दिसलेला बांध

या अज्ञाताची किंमत कोणी द्यावी, याचे उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१८ साली एका खटल्यात दिले. स्पिअरिन नावाच्या कंत्राटदाराने ब्रुकलिनच्या नौदल आवारात सुकी गोदी बांधण्याचे काम ७,५७,८०० डॉलरांस घेतले होते. गोदीच्या जागेतून सहा फुटी विटांचे एक जुने गटार जात होते. शासनाने दिलेल्या नकाशाप्रमाणे कंत्राटदाराने ते दुसरीकडे वळवून बांधले. पुढे १९०६ च्या ऑगस्टमध्ये मुसळधार पाऊस व भरती यांचा योग जुळून आला, नवे गटार फुटले आणि खोदकामात पाणी शिरले. चौकशीअंती असे आढळले की याच गटाराला जोडलेल्या सात फुटी गटारात पाच ते साडेपाच फूट उंचीचा एक बांध होता, आणि त्याच्यामुळे बहुतांश पाणी सहा फुटी गटाराकडे लोटले जात होते. हा बांध कोणत्याही नकाशावर दाखविलेला नव्हता.

धोका दूर करावा अथवा जबाबदारी घ्यावी, त्याविना काम पुढे नेणार नाही, अशी भूमिका कंत्राटदाराने घेतली. शासनाने करार रद्द केला. न्यायालयाने निकाल कंत्राटदाराच्या बाजूने दिला. ज्याने नकाशा पुरविला त्याने तो पुरेसा असल्याची हमी गर्भितपणे दिलेली असते. नकाशाबरहुकूम बांधणाऱ्यास नकाशाच्या दोषासाठी जबाबदार धरता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

जुन्या इमारतींचे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्यास असा एखादा न दिसलेला बांध येतोच. फारकतीच्या पद्धतीत तो सापडताच तीन पक्षांत वाद उभा राहतो. कंत्राटदार जादा रक्कम मागतो, वास्तुविशारद म्हणतो की हे पाहणीच्या वेळी दिसणे शक्य नव्हते, आणि मालक दोघांकडे बोट दाखवितो. पत्रव्यवहार चालू असताना उघडी पडलेली वास्तू पावसात भिजत राहते. आरेखन-बांधकाम पद्धतीत नकाशा व बांधकाम एकाच संस्थेचे असल्याने निदान पहिले दोन पक्ष एक होतात, व नकाशा चुकीचा होता ही सबब संस्थेस सांगता येत नाही.

तथापि या पद्धतीने अज्ञात नाहीसे होते असे समजणे चूक होईल; ते केवळ एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते. ते कसे पेलले जाते हे समजण्यासाठी जुन्या इमारतीच्या अंतरंगाकडे वळले पाहिजे.

४. भार, लाकूड आणि चुना

एखाद्या वाड्याच्या माडीवर ग्रंथालय करावयाचे आहे असे मानू. भारतीय मानकानुसार निवासी खोलीच्या जमिनीवर दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो वापर-भार धरतात. ग्रंथालयाच्या पुस्तकसाठ्याच्या दालनासाठी तोच भार किमान ६ किलोन्यूटन धरावा लागतो. वापर-भार तिपटीने वाढला. सागवानी तुळया हे पेलतील काय?

दोन टोकांवर टेकलेल्या तुळईवर समान पसरलेला भार असता तिच्यातील नमन हे भाराच्या व गाळ्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून गाळ्याच्या मध्यावर एक खांब दिल्यास गाळा निम्मा होतो आणि नमन चौथ्या हिश्श्यावर येते. भार तिप्पट झाला तरी ते मूळच्या पाऊणपटच राहील. म्हणजे तुळई काढून लोखंडी गर्डर घालण्याऐवजी एका खांबाने काम भागू शकते. परंतु या खांबाला स्वतंत्र पाया हवा. तळमजल्याचे दालन दुभंगेल. आणि मुख्य म्हणजे हा सारा हिशेब तुळईची भिंतीत रुतलेली टोके निकोप आहेत असे गृहीत धरतो. ओल भिंतीतून येते, त्यामुळे तुळई कुजते ती बहुधा याच टोकांशी. कडीपाट व वरची मातीची भरणी उचलल्यावाचून ती टोके दिसत नाहीत. भरणी कमी केली तर मृतभार हलका होतो, पण उष्णता व आवाज अडविण्याचा तिचा गुणही कमी होतो.

येथे कार्यपद्धतीचा परिणाम प्रत्यक्ष दिसतो. टोके पाहिल्याखेरीज योग्य निर्णय करता येत नाही, आणि काम सुरू झाल्याखेरीज टोके पाहता येत नाहीत. निविदेपूर्वी आराखडा पुरा करण्याचे बंधन असलेला आरेखक सुरक्षिततेसाठी वाईटात वाईट स्थिती गृहीत धरतो व ‘सर्व तुळया बदलाव्या’ असे लिहून मोकळा होतो. ज्या संस्थेत सुताराने सकाळी पाहिलेले टोक अभियंता दुपारी पाहू शकतो, तेथे दहांपैकी कुजलेल्या तीनच तुळयांना नवी टोके जोडण्याचा विचार शक्य होतो.

चुन्याचे उदाहरण याहून अधिक बोलके आहे. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सियसला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन कळीचा चुना उरतो. तो विरवून, वाळू अथवा सुरखी घालून घाणीत मळतात. आणि भिंतीत गेल्यावर हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुन्हा हळूहळू दगड बनतो. असा गिलावा सच्छिद्र असतो. भिंतीत शिरलेली ओल त्याच्यावाटे बाहेर पडते, आणि सूक्ष्म हालचाल तो भेगेविना सोसतो. पोर्टलँड सिमेंटचे पेटंट १८२४ चे. भारतात त्याचे उत्पादन १९१४ साली पोरबंदर येथे स्थिरावले. नव्या बांधकामात त्याचे गुण निर्विवाद आहेत. पण चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा घट्ट गिलावा चढविला की ओल आत कोंडते. तिच्यासोबत आलेले क्षार वीट वा दगड यांच्या पृष्ठभागाआड स्फटिकरूप होऊन त्यांचे पापुद्रे सोडवितात. वरून भिंत काही वर्षे गुळगुळीत दिसते. आत ती भुगा होत असते.

नकाशावर ‘चुन्याचा गिलावा’ असे दोन शब्द लिहून हा प्रश्न सुटत नाही. चुना किती दिवस विरवला, थर किती जाड दिला, दोन थरांत किती काळ गेला, भिंत किती ओली ठेवली, हे सारे गवंड्याच्या हातात असते. अशा कामात आरेखन गवंड्याच्या थापीपर्यंत पोहोचते. तेथवर आरेखकाची नजर नसेल तर नकाशा निरुपयोगी ठरतो.

५. एकत्रीकरणाचे आधुनिक रूप

आरेखन व बांधकाम पुन्हा एकत्र आणण्याचे प्रयत्न दोन दिशांनी झाले. पहिली दिशा व्यक्तीची. लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी केरळात अनेक इमारती स्वतःच्या गवंडी-सुतारांना हाताशी धरून, जागेवरच आराखडे सुधारीत बांधल्या. पाडलेल्या घरांची दारे-खिडक्या त्यांनी नव्या भिंतींत बसविल्या. नकाशा हा अखेरचा हुकूम न मानता कामाच्या ओघात पक्का होत जाणारा संकल्प मानणे, हे त्यांच्या रीतीचे वैशिष्ट्य होय.

दुसरी दिशा कराराची. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने संघीय शासनाच्या कामांसाठी दोन टप्प्यांची आरेखन-बांधकाम निवडपद्धती मान्य झाली. सल्लागार अभियंत्यांच्या ‘फिडिक’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९५ साली व पुन्हा १९९९ साली या पद्धतीचे नमुना-करार प्रसिद्ध केले.

जुन्या वास्तूंस लागू करताना या पद्धतीचा क्रम पुढीलप्रमाणे असावा लागतो. प्रथम मोजणी व नोंद: प्रत्येक दालनाचे माप, तिरकेपणा, भेगा व पूर्वीच्या दुरुस्त्या यांचा आलेख. नंतर मर्यादित उघडणी: निवडक ठिकाणी गिलावा, जमीन व छत उघडून आतील स्थितीची तपासणी. तिसरी पायरी नमुन्याची: एक गाळा वा एक भिंत पूर्णपणे करून पाहणे. या तीन पायऱ्यांपर्यंत संस्थेस केवळ श्रममूल्य द्यावे. संपूर्ण कामाची किंमत त्यांनंतरच ठरवावी. ज्या भागाचे ज्ञान झाले त्याची किंमत निश्चित करता येते. जो अज्ञातच राहिला त्यासाठी प्रत्यक्ष खर्च अधिक ठरावीक मेहनताना, आणि त्यावर कमाल मर्यादा, ही तजवीज न्याय्य ठरते. ‘न दिसलेला बांध’ निघाल्यास त्याचा भार कोणी किती उचलावयाचा हे अशा करारात आधीच लिहिलेले असते.

६. आक्षेप आणि बंधने

या पद्धतीवरील मुख्य आक्षेप शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचाच आहे व तो आजही खरा आहे: जो बांधतो त्यानेच आपले काम तपासावयाचे काय? जुन्या वास्तूंच्या बाबतीत तर तो अधिकच तीव्र होतो. समजा, संस्थेने सर्व कामाची एकच ठोक रक्कम पहिल्याच दिवशी मान्य केली. आता प्रत्येक अनपेक्षित शोध तिच्या नफ्यातून जाणार. जुनी तुळई दुरुस्त करण्यास कसबी सुताराचे चार दिवस लागतात, नवा गर्डर एका दिवसात बसतो. अशा वेळी ‘तुळई निकामी होती’ असा निष्कर्ष निघण्याची शक्यता वाढते, आणि तो खोडून काढण्यास तुळई शिल्लक राहत नाही. नव्या इमारतीतील चूक पाडून पुन्हा बांधता येते. शंभर वर्षांचे लाकूड, हाताने घडविलेला दगड, चुन्यातील नक्षी ही मात्र एकदा गेली की गेलीच. म्हणूनच उपरिनिर्दिष्ट टप्प्यांना वगळून केवळ वेगासाठी ही पद्धती स्वीकारणे हे जुन्या वास्तूस सर्वांत अपायकारक होय.

त्यावर तीन बंधने सुचविता येतात. मालकाने संस्थेशी हितसंबंध नसलेला स्वतंत्र सल्लागार नेमावा व कोणताही मूळ भाग काढण्यापूर्वी त्याची लेखी संमती बंधनकारक असावी. काढलेल्या प्रत्येक भागाचे छायाचित्र, माप व नमुना जपून ठेवावा. आणि नवी भर शक्य तेथे अशी घालावी की पुढील पिढीस ती मूळ वास्तूला इजा न करता काढता येईल.

मालकी, तज्ज्ञता व द्रव्यबळ ही वेगळ्या हाती असताना परस्परांवर लक्ष कसे राहते, याचे उदाहरण मुंबईत आहे. १८७२ साली खुल्या झालेल्या व आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव धारण करणाऱ्या वस्तुसंग्रहालयाच्या जीर्णोद्धारासाठी २००३ साली महानगरपालिका, ‘इन्टॅक’ ही वारसा-जतन संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. या कामास २००५ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील श्रेष्ठ पुरस्कार लाभला व २००८ साली संग्रहालय पुन्हा उघडले. हे उदाहरण आरेखन-बांधकाम पद्धतीचे म्हणून येथे दिलेले नाही. निर्णयाचा अधिकार व त्यावरील देखरेख एका हाती न एकवटण्याचे महत्त्व त्यावरून ध्यानात यावे.

याउलट, कोणताच आराखडा व कोणतीच देखरेख नसलेले पुनरुपयोजन कोठे नेते, हे काळाघोड्याजवळील वॉटसन हॉटेलच्या इमारतीने दाखविले. इंग्लंडमध्ये घडवून आणलेल्या ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर १८६० नंतरच्या दशकात उभारलेली ही वास्तू पुढे ‘एस्प्लनेड मॅन्शन’ झाली. तिची दालने आडभिंतींनी विभागली जाऊन त्यांत कचेऱ्या व बिऱ्हाडे आली. प्रत्येक भोगवटादाराने आपापल्या गरजेपुरता बदल केला. संपूर्ण सांगाड्याचा विचार करणारा कोणी उरला नाही. २००५ साली तिच्या सज्जाचा भाग कोसळला. पुढे ती रिकामी करावी लागली, आणि ती पाडावी की वाचवावी यावर तज्ज्ञांतच मतभेद झाले.

७. समारोप

सारांश, आरेखन व बांधकाम एका हाती असणे हे जुन्या वास्तूच्या कामात तत्त्वतः स्वाभाविक आहे. कारण तेथे जाणणे व करणे ही एकाच क्रियेची दोन अंगे असतात. पण ज्याच्या हाती दोन्ही आली त्याला घाईने करण्यापेक्षा सावकाश जाणण्यात लाभ वाटेल अशी कराराची रचना असावयास हवी. किंमत ज्ञानानंतर ठरावी, अज्ञाताचा भार वाटून घेतला जावा आणि काढण्याच्या निर्णयावर तिऱ्हाइताची नजर असावी, या तीन अटी पाळल्या गेल्या तर ही पद्धती स्थपती व तक्षक यांची तुटलेली जोडी पुन्हा सांधू शकेल. त्या पाळल्या नाहीत, तर जुन्या नावाची पाटी तेवढी दारावर राहील आणि तिच्यामागे उभी असेल ती एक नवीच इमारत.